चालक दोन

मी स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर घातली तर मी ती जुडी उलटीपालटी करून बघते, आत काही सडकं तर नाही ना. त्यामुळे गाडी शिकून जेमतेम एक हिवाळा गेला नाही तोच मी द्रुतगती मार्गावरच्या भरधाव गर्दीत अलगद मिसळायला लागले, तेव्हा पहिला आनंद ओसरल्यावर माझ्या मनात एकच आलं. हे मी करत नाहीये. दुसरंच कुणीतरी करतंय.

माझं नाव त्रिशला मगदूम, राहणार जयसिंगपूर. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नवऱ्याच्या, म्हणजे सुकुमारांच्या ठिबक सिंचनाच्या दुकानाला लागून एक खोली आहे. तिथं मी वर्षानुवर्षं लोकांचे गुडघे वाकवले. लेक श्रुतिका नोकरीला हैदराबादला गेली आणि मला कराडच्या पलीकडच्या एका नव्या पुनर्वसन केंद्रातून बोलावणं आलं. अर्धांगवायू झालेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं काम, आठवड्यातून तीन दिवस. मला ती नोकरी इतकी हवी होती की मी ते कुणाला धड सांगितलंही नाही. पहिल्यांदाच माझ्या नावाची पाटी दुकानाच्या पाटीखाली लागणार नव्हती.

अडचण रस्त्याची होती. केंद्र कृष्णाकाठ द्रुतगती मार्गाला चिकटून, आणि त्या मार्गावर एसटी मधे कुठं थांबत नाही. स्वतःची गाडी पाहिजे आणि ती त्या रस्त्यावर घालायची छाती पाहिजे. तुम्ही तो रस्ता पाहिला नसेल तर सांगते. डाव्या लेनमधून बिनड्रायव्हरचे ट्रक जातात. एकामागे एक, मधे जेमतेम एका रिक्षेची जागा सोडून, दहा-दहा, बारा-बारा. पुढच्यानं ब्रेक मारला की त्याच क्षणी मागचे सगळे मारतात, म्हणून त्यांना अंतर लागत नाही. लोक त्याला माळ म्हणतात. आपण डावीकडच्या रॅम्पवरून वर यायचं आणि या माळांच्या गर्दीत आपली गाडी घालायची. चुकलं तर सॉरी म्हणायला समोर माणूससुद्धा नाही.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी घेतली. शोरूममध्ये नारळ फुटला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. सुकुमार स्टिअरिंगवर बसणार एवढ्यात त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, "अगं, तूच बस. घरची लक्ष्मी आहेस. आई असती तर तिनं तुलाच बसवलं असतं."

"मला येत नाही हो."

"दोन फूट न्यायची आहे. गाडी आहे, विमान नाही."

शोरूमचा माणूस गाडीच्या ओळखीबद्दल काहीतरी सांगायला बघत होता, पण फोटोच्या गडबडीत त्याचं कुणी ऐकलं नाही. मी जीव मुठीत धरून गाडी दोन फूट पुढं नेली. लिंबं फटाफट फुटली, टाळ्या झाल्या, आणि मी उतरले. मग सुकुमार बसले आणि एका हातानं चालवत आम्हाला घरी घेऊन आले. चालवणं म्हणजे असं असतं, हे मला दाखवायला.

मी कोळेकर मॅडमच्या क्लासला गेले. त्यांच्याकडं जुनी गाडी होती, त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असलेली. रॅम्पवर त्या जे ओरडायच्या ते मला झोपेतही ऐकू येतं. "थांबायचं नाही! रॅम्प थांबायला नाही बांधलेला, पळायला बांधलाय. इंडिकेटर आधी. आरसा बघा. आता मान वळवून उजव्या खांद्यावरून बघा, आरशात सगळं दिसत नाही. त्यांच्या वेगाला आपला वेग आणा. जागा दिसली की मग विचार करत बसू नका बाई, घाला!" माळ चालली असेल तर तिच्यात घुसायचं नाही, तिची शेपटी जाऊ द्यायची आणि मागं शिरायचं, हेही त्यांनीच शिकवलं.

लायसन्स मिळालं. पहिल्यांदा द्रुतगती मार्गावर गेले तेव्हा सुकुमार शेजारी बसले होते. मी शेपटीमागं गाडी घातली आणि ते म्हणाले, "जमलं की गं! झकास!"

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. या माणसानं बावीस वर्षांत माझ्या आमटीला झकास म्हटलेलं नाही. जास्तीत जास्त "बरी झालीय" म्हणतात. मी एकटी बाजारात गेले तरी तीनदा फोन करणारा माणूस. आणि त्याच माणसानं पुढच्या सोमवारी मला एकटीला त्या रस्त्यावर सोडलं. कुरकुर नाही, काही नाही. वर "सावकाश जा" म्हणून दुकान उघडायला गेले.

का? एवढे निर्धास्त कशामुळं?

माझ्या संशयाला माझा धंदासुद्धा कारणीभूत आहे. पायातली ताकद गेलेल्या माणसाला चालायला शिकवताना त्याच्या कमरेला आम्ही पट्टा बांधतो. मागून तो पट्टा दोन बोटांनी धरायचा आणि म्हणायचं, "मी सोडलंय बघा. तुम्हीच चालताय." पेशंटचा चेहरा असा फुलतो! धरलेलं असतं, पण त्याला माहीत नसतं, म्हणून तो पाऊल टाकतो. हे मी रोज करते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण कुणीतरी माझाच पट्टा धरलाय असं वाटायला लागलं, तेव्हा मात्र अंगाचा तिळपापड झाला.

मग मी गाडीवर पाळत ठेवायला लागले. एकदा रस्ता मोकळा बघून मी मुद्दाम स्टिअरिंग डावीकडं सोडलं. कुणी अडवलं नाही, गाडी सरळ कडेच्या पट्ट्यावर गेली आणि चाकं तडतड वाजली. दुसऱ्या कुणी यावरून म्हटलं असतं की बाई, तुझी गाडी तूच चालवतेस. मी म्हटलं, बघा केवढं लबाड आहे! रस्ता रिकामा आहे हे त्याला दिसतंय, म्हणून माझे लाड करतंय.

रोज केंद्रावरून परत आले की खांदे दगडासारखे व्हायचे. मीच मला शेक द्यायचे. सुकुमारांना चेष्टेला विषय.

"तू स्टिअरिंगशी कुस्ती खेळतेस," ते म्हणायचे. "माझं बघ. मी शीळ वाजवत जातो. परवा माळ चालली होती, मी नुसता इंडिकेटर दिला आणि मधला ट्रक मागं सरला. ओळखतात आता मला."

"अहो, आत माणूस नाही. ओळखणार कोण?"

"गाडी धरायची पद्धत बघून कळतं गं."

माझ्यासाठी कधी कुठला ट्रक मागं सरला नव्हता. मला आपली शेपटीच. पण बायकांसाठी कोण कधी सरतं, असा विचार करून मी ते सोडून दिलं. इथं मी चुकले. संशय घ्यायचा तिथं घेतला नाही.

एका शनिवारी सुकुमार गोडाउनमध्ये होते आणि मोबाइल जेवणाच्या टेबलावर राहिला होता. कुलूप श्रुतिकाच्या जन्मतारखेचं, आमच्या घरात दुसरा आकडा कुणाला सुचत नाही. मी उघडला. हो, उघडला. गाडीचं ॲप सापडलं. त्यात गाडीचं चित्र आणि खाली दोन ओळी. खासगीपणाच्या नव्या कायद्यामुळं तिथं नावं येत नाहीत, नुसते क्रमांक.

चालक एक : सोबत बंद.

चालक दोन : सोबत पूर्ण.

एक कोण हे सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात रेशनकार्डापासून पाण्याच्या बिलापर्यंत पहिले तेच. दोन मी.

श्रुतिकाला फोन लावला. "सोबत म्हणजे काय गं?"

तिनं आधी जेवलीस का विचारलं, त्यातच मला उत्तर मिळालं.

"मम्मी, चिडू नकोस ना. गाडी घेतली तेव्हा पप्पांनी विचारलं, मम्मीला सुरक्षित ठेवायला काय करता येईल. मीच शोधून दिलं. नवशिक्यांसाठी असतं ते. कळलं तर माणूस नर्व्हस होतो, म्हणून गाडीत दिवासुद्धा ठेवलेला नाही. तुला सांगायचं नाही असं ठरलं आमचं."

"तुमचं ठरलं. छान."

त्या दुपारी मी सोबतीबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वाचताना रागाबरोबर कौतुकही वाटत होतं, कारण हे शास्त्र माझ्याच गल्लीतलं निघालं. हल्लीच्या गाड्यांत स्टिअरिंग आणि चाकं यांच्यामध्ये लोखंडी दांडा नसतो. आपण स्टिअरिंग फिरवतो ती नुसती सूचना, चाकं वळवणारी मोटर वेगळी. तेव्हा मधे बसून त्या सूचनेत थोडा फेरफार करणं यंत्राला अवघड नाही. सोबत आसपासच्या गाड्यांशी बिनतारी बोलते, कुठं जागा होणार ते आपल्या आधी ताडते आणि स्टिअरिंगला, पायाखालच्या पेडलला हलकासा रेटा देते.

खरी करामत पुढं आहे. आपण हात हलवतो तेव्हा मेंदू आधीच अंदाज बांधून ठेवतो, की आता असं असं जाणवेल. अंदाज आणि जाणीव जुळली की मेंदू शिक्का मारतो, हे मी केलं. म्हणून आपल्याला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, मेंदूला सगळं आधीच ठाऊक असतं. पण हा शिक्का मारण्यात मेंदू जरा ढिला आहे. आपल्या मनात हालचाल यायला आणि बाहेरून कुणी तीच हालचाल करवायला जर एकच गाठ पडली, तर तो बिनदिक्कत म्हणतो, मीच केलं. सोबत नेमकी त्याच फटीत काम करते. माणसाची खात्री असते की आपण चालवतोय, आणि हळूहळू चालवतंय दुसरंच. सवय मात्र ऐटीची लागते.

म्हणजे मी काहीच शिकले नव्हते. केंद्रातल्या खोलीवर माझ्या नावाची पाटी होती, आणि तिथवर मला एक मोटर पोचवत होती. उद्या हे यंत्र बंद पडलं, दुसरी गाडी चालवायची वेळ आली, तर मी रॅम्पवरच मरणार. सुकुमारांनी मला सुरक्षित नव्हतं ठेवलं, खेळण्यातल्या गाडीत बसवलं होतं. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

भांडले मात्र नाही. भांडले असते तर त्यांनी गोड बोलून गुंडाळलं असतं. मी ठरवलं, सोमवारी एकटीनं जायचं, सोबतीशिवाय. जमलं तर माझं. नाही जमलं तर राजीनामा देईन, पण पट्टा बांधून चालणार नाही. रविवारी सकाळी सुकुमार आंघोळीला गेले तशी मी त्यांचा मोबाइल घेतला आणि चालक दोनची सोबत बंद केली. 'नक्की?' असं त्यानं विचारलं. नक्की, म्हणून दाबलं.

आंघोळीहून आले ते घाईतच. "आवर लवकर. कराडला बारसं आहे ना चंद्रप्रभाच्या नातवाचं. विसरलीस?"

विसरलेच होते. चंद्रप्रभा म्हणजे त्यांची मामेबहीण. पण गाडी ते चालवणार होते, चालक एक, त्यांची सोबत आधीपासूनच बंद. माझ्या कारस्थानाशी त्यांचा संबंध नव्हता. मी साडी नेसले, बाळाचं वाळं पर्समध्ये टाकलं आणि शेजारी जाऊन बसले.

गावातून निघालो तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटत होतं. पहिल्या गतिरोधकावर गाडी आपटली. वळणावर सुकुमारांनी स्टिअरिंग जास्त कापलं आणि मग पुन्हा सावरलं. "हवा कमी आहे वाटतं चाकात," ते पुटपुटले. मग बोलत सुटले, चंद्रप्रभाच्या जावयाबद्दल, त्याच्या द्राक्षांबद्दल. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताची कोपर खिडकीत.

रॅम्प आला. उजवीकडं माळ चालली होती, लांबलचक. मी सवयीनं मान वळवून मागच्या काचेतून बघितलं. शेपटी बरीच मागं होती. आता वेग थोडा धरून ठेवायचा आणि शेपटी जाऊ द्यायची. सुकुमारांनी आरसा बघितला नाही. इंडिकेटर दिला आणि शीळ वाजवत गाडी उजवीकडं न्यायला लागले.

ट्रक सरला नाही.

"अहो!"

"सरतोय गं, सरतोय."

सरत नव्हता. माझ्या खिडकीकडून डाव्या बाजूचा कठडा जवळ येत होता, त्यांच्या खिडकीत नुसती ट्रकची चाकं दिसत होती, माणसाच्या उंचीची. रॅम्पची लेन पुढं निमुळती होऊन संपत होती. तेव्हा त्यांना कळलं. शीळ थांबली, दोन्ही हात स्टिअरिंगवर आले आणि त्यांनी जे करायचं नाही नेमकं तेच करायला पाय उचलला.

"ब्रेक नको!" मी ओरडले. माझ्या आवाजात कोळेकर मॅडम शिरल्या होत्या. "थांबलात तर मागचा येऊन बसेल! थोडं डावीकडं घ्या. एवढंच. वेग तसाच ठेवा. माझ्याकडं बघू नका, समोर बघा!"

मी अर्धी वळून मागच्या काचेला डोळे लावले. "अजून तीन ट्रक आहेत. जाऊ द्या. दोन. हा शेवटचा. शेवटचा गेला की... थांबा... आता! दाबा, अहो दाबा, घाला आत!"

त्यांनी घातली. उजवं चाक लेनच्या पट्टीवर चढलं, गाडी जरा डगमगली आणि आम्ही आत होतो. डावीकडं कठडा संपला आणि उसाचं शिवार सुरू झालं. सुकुमारांच्या कानामागून घाम ओघळत होता, हा माणूस मे महिन्यात शेतावर उभा राहूनसुद्धा एवढा घामेजत नाही.

पुढच्या फूड मॉलला त्यांनी गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"स्टिअरिंगला काहीतरी झालंय," शेवटी म्हणाले. "सर्व्हिसिंगला टाकू या. ट्रकसुद्धा... असं कधी झालं नाही."

मला आता वेगळाच संशय यायला लागला होता. इतका वेडा संशय की तो तोंडातून काढायची भीती वाटत होती.

"सकाळी मी तुमच्या मोबाइलवरून चालक दोनची सोबत बंद केली," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघतच राहिले. "तुला कळलं?"

"कालच कळलं. ते आपण नंतर भांडू."

"बरं, बंद केलीस. पण ती तुझी. तिचा माझ्याशी काय संबंध?"

"मोबाइल द्या इकडं."

ॲप उघडलं. घरी गाडी रिकामी उभी असताना आम्ही दोघांनीही चोरून चोरून तेच बघितलं होतं, म्हणून ही ओळ कधी दिसली नव्हती. आता माणूस आत होता. गाडीच्या चित्रात ड्रायव्हरच्या जागी हिरवा ठिपका होता आणि खाली लिहिलं होतं, आसनावर : चालक दोन.

"चुकतंय ते," सुकुमार म्हणाले.

"उतरा."

ते उतरले. मी जाऊन स्टिअरिंगवर बसले. ठिपका विझला, पुन्हा पेटला. आसनावर : चालक एक. त्यांनी मला परत उतरवलं, स्वतः बसले, मला बसवलं. बाजूच्या गाडीतली माणसं चहा पिता पिता आमची कवायत बघत होती. मोबाइलला काही फरक पडला नाही. ते दोन, मी एक.

"अहो," मी म्हणाले, "लिंबांवरून गाडी कुणी नेली होती?"

शोरूमचा तो माणूस काय सांगत होता ते आता दोघांनाही न ऐकता ऐकू येत होतं. गाडी पहिल्यांदा पुढं नेईल त्याचा चेहरा आणि हाताची पकड ओळखून ती त्याला मुख्य चालक मानते. मुख्य चालक म्हणून माहिती सुकुमारांची भरलेली होती, सत्तावीस वर्षांचा अनुभव, मदतीची गरज नाही. त्या माहितीवर चेहरा चिकटला माझा. आणि मागाहून जो बसला तो नवशिका, त्याला पूर्ण सोबत. यांनी ॲपमध्ये मुद्दाम चढवून ठेवली ती स्वतःचीच.

"म्हणजे ते ट्रक..."

"तुम्हाला ओळखत नव्हते. सोबत त्यांना हात जोडत होती."

मला हसू आलं आणि ते मी दाबलं नाही. सुकुमारांचा चेहरा लाल झाला. "हसू नकोस! आज मेलो असतो आपण. तू मला न सांगता बंद केलंस."

"आणि तुम्ही मला न सांगता चालू केलंत! तुमच्या लेकीला सामील करून. मी काय मतिमंद आहे? एकदा, एकदा विचारायचं होतं मला."

"विचारलं असतं तर घेतलं असतंस?"

"नसतं घेतलं."

"मग?" त्यांचा आवाज फाटला. "तू त्या रस्त्यावर गेलीस की दुकानात गिऱ्हाईक काय मागतंय ते मला ऐकू यायचं नाही. एकानं पाइप मागितला, मी व्हॉल्व्ह बांधून दिला. तुला अडवलं असतं तर तू आयुष्यभर बोलली असतीस. म्हणून ते लावलं. ते लावलं म्हणून मी तुला जाऊ दिलं, त्रिशला. नाहीतर माझी छाती नव्हती."

जाऊ दिलं, या शब्दावर मी एरवी तासभर भांडले असते. पण माझं लक्ष दुसरीकडंच गेलं होतं. मला आत्ता कुठं उमगत होतं. त्या पहिल्या सोमवारपासून आजपर्यंत, आठवड्यातून तीन दिवस, जाताना आणि येताना, त्या रॅम्पवर माझ्याबरोबर कुणीही नव्हतं. पट्टा कुणीच धरलेला नव्हता. प्रत्येक शेपटी मी मोजली होती, प्रत्येक वेळी मान मी वळवली होती, म्हणून खांदे दुखत होते. आनंद व्हायला पाहिजे होता. मला मात्र थंडी वाजून आली. कुणीतरी धरलंय या संशयाचासुद्धा मला आधार होता, आणि तो गेला होता.

"मी एकटी होते हो," मी म्हणाले. "एवढे दिवस."

त्यांनी माझा हात धरला. बाजूच्या गाडीतली माणसं बघत होती, तरी धरला.

थोड्या वेळानं ते डावीकडून आत येऊन बसले आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. "चालक एक. लावू का पूर्ण? या वेळी विचारून लावतोय."

मला हो म्हणायचं होतं. अगदी जिभेवर होतं. मदत घेण्यात कमीपणा नाही हे मी पेशंटना रोज सांगते, आणि ते खरं आहे. पण एकदा लावली की मला पुन्हा कळणार नव्हतं, कोणती हालचाल माझी आणि कोणती तिची. एकदा तरी माहीत असताना करून बघायचं होतं.

"आज नको," मी म्हणाले. "उद्याचं उद्या. आज तुम्ही मागं बघा आणि मला सांगा."

"बरं." त्यांनी चालक दोनची ओळ काढली, अंगठ्यानं सोबत पूर्ण केली आणि मोबाइल पालथा घातला. "माझी राहू दे. श्रुतिकाला सांगू नकोस."

"तिला तर आधी सांगणार."

फूड मॉलपासून मार्गावर जाणारा रॅम्प छोटा आहे, म्हणजे आणखी वाईट. मी इंडिकेटर दिला. आरसा. वेग वाढवला, पेडलवर माझाच पाय आहे हे मला प्रत्येक इंचाला जाणवत होतं. उजवीकडं माळ चालली होती. सुकुमारांनी पट्टा ताणून पूर्ण मागं वळून काचेला डोळे लावले, मघाशी मी लावले होते तसे.

"चार राहिलेत," ते म्हणाले. "तीन. घाई करू नकोस. दोन... शेवटचा आला. गेला. मोकळं आहे, त्रिशला! घाल!"

लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी एवढ्या मनापासून, एवढं खरं मला काही सांगितलं नसेल. आवाजातच कळत होतं. तरीही मी मान वळवली आणि उजव्या खांद्यावरून स्वतः बघितलं.

मोकळंच होतं. मग घातली.